शिंक आली की

निंदणाच्या पातीला बसलेल्या बायका सगळं बोलतात. सासू, नवऱ्याची दारू, सोसायटीचं कर्ज, पाळी, पोरीचं न जमणारं लग्न, काही सुटत नाही. लघवी गळण्याची गोष्टही तिथे निघते. एखादी पोट धरून हसते, एकदम गप होते आणि लुगडं सावरते. शेजारची विचारते, "झालं का वं?" मग सगळ्याच हसतात. आमच्या अमडापूरच्या शिवारात हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण त्याच बायका चिखलीला किंवा बुलढाण्याला डॉक्टरांसमोर बसल्या की कंबर दुखते, पांढरं जाते, अशक्तपणा वाटतो, एवढंच सांगून उठतात. खोकताना लघवी निसटते ही गोष्ट वावरातच राहते. माझीही बरीच वर्षं तिथेच राहिली. पुढे जे कळलं ते आधी कळतं तर किती बरं झालं असतं, असं वाटतं म्हणून हे लिहिते आहे.

मी अंगणवाडी सेविका आहे. वय ५४. तीन बाळंतपणं झाली. पहिलं घरीच, सुईणीच्या हातचं; रात्रभर कळा देऊन दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सुटले. सव्वा महिना बाजेवर काढला. शेक-शेगडी झाली, डिंकाचे लाडू झाले, पोट बांधून झालं. आत, ओटीपोटाच्या तळाशी काय ताणलं गेलं असेल, याचा विचार कोणी केला नाही. तिथे स्नायू असतात हेच घरात कोणाला माहीत नव्हतं. सव्वा महिना संपल्यावर पाण्याची गुंडं डोक्यावर आली, पुढच्या हंगामात कापसाचं गाठोडं आलं.

खरा त्रास चाळिशी ओलांडल्यावर सुरू झाला. तुरीच्या मळणीचे दिवस होते. कुटाराच्या धुळीने खोकला लागला तो कितीतरी आठवडे हटला नाही, आणि प्रत्येक उबळीला थोडी थोडी लघवी निसटायची. खोकला गेल्यावर हेही जाईल असं वाटलं. खोकला गेला, पण शिंकताना, पोतं सरकवताना, पोराला उचलताना गळणं राहिलंच. अंगणवाडीत वजन घेण्यासाठी आडव्या लाकडाला काटा टांगलेला असायचा. मूल उचलून त्याच्या झोळीत घालायचं, म्हणजे हात वर आणि ओझं पुढे. नेमका तोच क्षण. समोर आया बसलेल्या, मूल रडतं आहे, काट्यावरचा आकडा वाचायचा आहे, आणि मांडीवरून ऊन धार उतरते आहे. मी गडद रंगाच्या साड्या नेसू लागले. पाळी जाण्याच्या वाटेवर होती, तरी घडीचं फडकं रोज ठेवू लागले. ओल्या फडक्याने जांघा सोलवटायच्या. ते धुऊन उन्हात घालायची लाज वाटायची, म्हणून साडीखाली झाकून वाळवायचं. तसं ते नीट वाळत नाही आणि खाज वेगळीच सुरू होते.

यावर बायका जो उपाय करतात तोच मीही केला. पाणी तोडलं. चिखलीला बैठक असली की सकाळपासून फक्त चहा. अमडापूर ते चिखली रस्ता जेमतेम २० किलोमीटरचा, पण एसटी कधी येईल आणि स्टँडवरच्या मुतारीची अवस्था काय असेल याचा नेम नाही. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. गावातल्या बायका माहेरी, बाजाराला, देवाला जास्त जाऊ लागल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांतल्या कितीजणी घसा कोरडा ठेवून बसमध्ये बसतात, हे कोणत्याच तिकिटावर नोंदलं जात नाही. मुंबईत २०११ पासून बायकांनी मोफत, स्वच्छ मुताऱ्यांसाठी चळवळ उभी केली, महापालिकेशी झगडल्या. ती मागणी तालुक्याच्या स्टँडवरही तितकीच खरी आहे. वावरात तर निराळीच अडचण. तूर उंच झाली की आडोसा होतो. सोयाबीन असतं गुडघ्याएवढं. सोयाबीनच्या निंदणाला गेलेली बाई तुरीच्या ओळीपर्यंत जायला मिळेल तोवर दाबून धरते, आणि दाबून धरायला नको म्हणून पाणीच पीत नाही.

पाणी तोडल्याने गळणं थांबत नाही, हे मला नंतर नीट समजावून सांगितलं गेलं. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट, पिवळी, उग्र होते. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला ती चुरचुरते आणि थोडी साठली तरी घाई सुटते. जळजळ होते, जंतू वाढायला वाव मिळतो, मुतखड्याचा धोका वाढतो. शौचाला खडा होतो, आणि कुंथण्याचा जोर पुन्हा त्याच तळाच्या स्नायूंवर पडतो. आमच्याकडचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला पाणी तोडण्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

हळूहळू जाणं-येणं कमी झालं. गावाजवळच्या टेकडीवर बल्लाळदेवी आहे. नवरात्रात तिथे जाणं मी कधी चुकवलं नव्हतं. आता "पाय दुखतात" म्हणून घरून हात जोडू लागले. शेगावला पायी जाणाऱ्या दिंडीत बायका बोलवायच्या, त्यांनाही तेच कारण. खरं तर पाय दणकट होते. सासूबाईंना एकदा बोलले. त्या म्हणाल्या, "बाईच्या जातीले हे रायतेच. माह्या मायले होतं, मले आहे, आता तुले झालं." त्यांचा सूर दिलाशाचाच होता. पण तीन पिढ्यांना एकच त्रास झाला म्हणजे तो शरीराचा नियम ठरत नाही. तिघींनी ओझं तेच उचललं, चुलीचा धूर तोच खाल्ला, बाळंतपणाच्या सव्वा महिन्यानंतर तिघीही त्याच कामाला लागल्या, इतकाच त्याचा अर्थ निघतो.

पहिल्यांदा ज्या खासगी दवाखान्यात हे सांगितलं तिथे तपासणी झाली नाही. सोनोग्राफी झाली आणि सल्ला मिळाला: "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." मी जवळपास तयार झाले होते. आमच्या भागात पिशवी काढलेल्या बायका घरोघरी आहेत, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. नेमक्या त्याच सुमारास, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांची प्रकरणं वर्तमानपत्रांत येऊ लागली. सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या बातम्या वाचून मी थांबले. पुढे कळलं की गर्भपिशवी आणि मूत्राशय शेजारी असले तरी दुखणं वेगळं आहे. पिशवी काढल्याने खोकताना गळणं बरं होत नाही. उलट पिशवीला धरून असलेले बंध कापले जातात आणि पुढच्या वयात लघवीचा ताबा सुटण्याचा धोका वाढू शकतो. गाठ असेल, रक्तस्राव थांबत नसेल, कर्करोगाची शंका असेल, तर पिशवी काढावी लागते, आणि तेव्हा ती काढलीच पाहिजे. माझ्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

दुसरा दवाखाना सरकारी होता, आणि तिथल्या डॉक्टर बाईंनी सगळ्यात आधी विचारलं ते आजवर कोणीच विचारलं नव्हतं: कधी गळते? खोकताना, हसताना, ओझं उचलताना? की एकदम घाई होते आणि पोचेपर्यंत सुटते? की दोन्ही? रात्री किती वेळा उठता? अंग बाहेर येतं का? शौचाला साफ होते का? मग लघवी तपासली, रक्तातली साखर तपासली. टेबलावर झोपवून, सांगून-सवरून आतून तपासलं आणि तशीच खोकायला लावली. लघवीचे थेंब त्यांच्या समोर पडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या शांतपणे म्हणाल्या, "हेच पाहायचं होतं, बरं झालं दिसलं." तीन बाळंतपणं झाली, तरी अशी तपासणी माझी कधी झाली नव्हती.

यात माझं एकटीचं काही वेगळं नव्हतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांना तपासलं होतं. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक तरी त्रास होता, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जाई. त्या दोन आकड्यांमुळे तो विचार बदलायला मदत झाली. गडचिरोलीला जे दिसलं ते अमडापूरला दिसणार नाही असं मानायला काही कारण नाही.

डॉक्टर बाईंनी मला बुलढाण्याला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. गुडघे आणि मान यांच्यासाठी फिजिओथेरपी असते एवढंच मला ठाऊक होतं. त्यांनी कागदावर चित्र काढलं. पुढे जांघेच्या मधलं हाड, मागे माकडहाड, आणि दोन्हींच्या मध्ये पसरलेला स्नायूंचा थर. त्या थरावर मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय टेकलेले असतात, आणि त्यातूनच लघवीची, बाळंतपणाची आणि शौचाची वाट खाली जाते. मी म्हटलं, म्हणजे बाजेच्या सुतळीसारखं. त्या हो म्हणाल्या. सुतळी ढिली झाली की बाज मध्ये झोळ खाते, पायथ्याची दोरी ओढली की पुन्हा ताठ होते. खाट बदलावी लागत नाही. खोकला, शिंक, ओझं यांनी पोटात वरून दाब पडतो. तेव्हा हा थर चटकन आवळला तर मूत्रमार्ग दाबून बंद राहतो. ढिला असेल तर लघवी निसटते. लांबलेलं बाळंतपण, जुना खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेलं वजन, रोजचं जड ओझं आणि पाळी गेल्यावर शरीरात कमी होणारं इस्ट्रोजेन, हे सगळं त्याला ढिलं करत नेतं.

घाईचा प्रकार निराळा. तिथे मूत्राशयाचं स्नायूचं आवरण थोड्याशा लघवीनेच आकसायला लागतं. नळाला पाणी आल्याचा आवाज आला, घराचं कुलूप उघडायला हात लावला, की धरवत नाही. माझ्यात दोन्ही होते, गळणं जास्त आणि घाई थोडी. त्यांनी मला तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. किती वाजता गेले, खुणा असलेल्या प्लास्टिकच्या मगात किती भरली, काय प्यायले, कधी निसटली. वही पाहिल्यावर मलाच उमगलं की मी गळेल या भीतीने सारखी जाऊन येत होते, आणि दर वेळी जेमतेम अर्धा कप होत होती. निरोगी मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर मावते. सतत रिकामं करून मी त्याला थोडक्यात ओरडायची सवय लावली होती. दुसरं दिसलं ते चहाचं. गृहभेटीला जावं त्या घरी चहा होतो, नाही म्हणता येत नाही. चहातलं कॅफिन घाई वाढवतं. आता मी "पाणीच द्या" म्हणते, आणि लोक देतात.

मग त्यांनी मला या तळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवला. तो ऐकायला सोपा आहे, म्हणून चुकीचा होतो. उताणं झोपून गुडघे दुमडायचे. चारचौघांत वायू सरकू नये म्हणून जसं आवळतो आणि लघवीची धार मध्येच रोखायला जसं आवळतो, ती दोन्ही आवळणी एकदम करायची, आत आणि वर. पोट, मांड्या, ढुंगण सैल राहिलं पाहिजे. श्वास कोंडायचा नाही. बाईंनी माझा एक हात पोटावर ठेवला आणि मोठ्याने आकडे मोजायला सांगितलं, कारण बोलत असताना श्वास कोंडता येत नाही. आत बोट ठेवून त्यांनी पाहिलं, तर मी आवळण्याऐवजी खाली जोर देत होते. बहुतेक बायका सुरुवातीला असंच करतात, असं त्या म्हणाल्या. बाळंतपणात "जोर दे" हेच ऐकलेलं असतं ना. चूक तिथल्या तिथे सुधारली. ती न सुधारता कोणी घरी महिनोन्महिने खाली जोर देत राहिली तर त्रास वाढेल. म्हणून निदान एकदा तरी जाणत्या व्यक्तीकडून तपासून घ्यावं, असं मी प्रत्येकीला आवर्जून सांगते. काहींचे स्नायू ढिले नसून उलट सतत आवळलेले असतात, संबंधाच्या वेळी किंवा बसताना दुखतं. त्यांना हा व्यायाम चालत नाही, आधी सैल करायला शिकावं लागतं.

सुरुवातीला तीन-चार सेकंद धरायचं, तितकाच वेळ पूर्ण सोडायचं. सोडणंही धरण्याइतकंच महत्त्वाचं. वाढवत वाढवत दहा सेकंदांपर्यंत न्यायचं. एका वेळी आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा, आणि शेवटी थोडी झटपट आवळणी. जमायला लागलं की बसून, मग उभ्याने. लघवी करताना धार रोखून हा व्यायाम रोज करू नये. स्नायू कुठला हे ओळखण्यापुरतं एखाद वेळी चालतं. आणि मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती अशी: शिंक किंवा खोकला येतो आहे असं जाणवलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. मूल उचलायच्या आधी आवळायचं, मग उचलायचं. घाई सुटली तर पळायचं नाही. पळताना सुटतेच. जागीच थांबायचं, पाच-सहा वेळा पटपट आवळायचं, घाईची लाट ओसरू द्यायची आणि मग चालत जायचं. दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत न्यायचं.

हे व्यायाम अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांच्या नावाने ओळखले जातात. बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांसाठी त्यांनी ते १९४८ मध्ये मांडले. आपल्याकडे योग शिकवणारे मूलबंध शिकवतात, त्यातही हेच स्नायू आवळले जातात. नाव कुठलंही घ्या, सातत्य हवं. निदान तीन महिने करून पाहिल्याशिवाय उपयोग नाही असं म्हणू नये, हे मला सुरुवातीलाच सांगितलं होतं. ते सांगितलं नसतं तर मी सोडून दिलं असतं, कारण पहिले कित्येक आठवडे काहीच फरक नव्हता. मग एक दिवस वजनकाट्याच्या झोळीत एक गुटगुटीत पोरगं घातलं, आकडा वाचला, वहीत लिहिला, आणि नंतर लक्षात आलं की फडकं कोरडं आहे. पूर्ण बरं झालं असं मी म्हणणार नाही. मोठी सर्दी झाली की अजून थेंब पडतो. पण पुढच्या नवरात्रात मी बल्लाळदेवीची टेकडी चढले, आणि जाताना पाण्याची बाटली बरोबर होती.

आमच्या जाऊबाईंचं दुखणं याच्या पुढचं होतं. त्यांचं अंग बाहेर यायचं. वावरातून आल्या की दोन पायांमध्ये गोळा, ओढल्यासारखं वाटायचं. झोपल्या की आत जायचा. त्या तेलाचा बोळा लावून, हाताने आत सारून पुन्हा कामाला लागायच्या. माझं ऐकून त्या पहिल्यांदा बोलल्या. "मी म्हटलं मरेपर्यंत असंच धकवायचं," म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांना सिलिकॉनची रिंग बसवली. ती आत राहून खाली येणाऱ्या पिशवीला आधार देते. मापाने बसवावी लागते, ठरल्या महिन्यांनी काढून, धुऊन, आतली कातडी पाहून पुन्हा बसवावी लागते. शिकलं तर बाई घरीही काढू-घालू शकते. सोबत मलम दिलं. रिंगने भागलं नाही तर शस्त्रक्रिया आहे, आणि दर वेळी पिशवी काढावी लागतेच असं नाही. शिरोडा, गोवा इथे जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर आणि मुंबईचे डॉ. पुरंदरे यांनी पिशवी न काढता ती वर बांधून घेण्याच्या पद्धती काढल्या. त्या आजही त्यांच्याच नावांनी शिकवल्या जातात. कमी वयात अंग बाहेर येणाऱ्या, अजून मूल हवं असणाऱ्या बायका त्यांच्यासमोर होत्या. अशा बायका आपल्याकडे किती असतील, हे त्या डॉक्टरांनी ओळखलं, याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते. खोकताना गळण्यावरही शस्त्रक्रिया आहे, घाईच्या प्रकारावर गोळ्या आहेत. व्यायामाने भागत नसेल तर पुढे वाट बंद होत नाही.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्यांत व्यायामाची वाट पाहत बसू नये. लघवीत रक्त, ताप आणि जळजळ, लघवी अडून पोट फुगणं, दोन पायांमधली जागा बधिर होणं किंवा पायांतली ताकद जाणं. बाळंतपणानंतर किंवा पिशवीच्या शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस, झोपेतही सतत लघवी वाहत असेल तर मूत्राशयाला छिद्र पडलेलं असू शकतं. ते शस्त्रक्रियेने बुजवता येतं. अशा बाईला वास येतो म्हणून घरात वेगळी बसवलेली मी पाहिली आहे. तिला मोठ्या दवाखान्यात नेणं हे घरच्यांचं पहिलं काम आहे. पुरुषांनाही हा त्रास होतो, विशेषतः प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर, आणि त्यांच्यासाठीही हेच स्नायू आणि हाच व्यायाम कामी येतो.

जगभरच्या पाहण्या सांगतात की मोठ्या वयाच्या चार बायकांत एकीला तरी हा त्रास असतो. आमच्या निंदणाच्या पातीत तेवढ्या सहज निघतील. म्हणून मी आता प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे. बाळंतपणानंतर आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत घरी भेटी देतात. शेवटच्या भेटीला जमेल तेव्हा मीही सोबत जाते. बाळाचं वजन, लस, बाईच्या लोहाच्या गोळ्या झाल्या की मी विचारते, "शिंकताना-खोकताना लघवी निसटते का?" पुरुष बाहेर आहेत हे आधी पाहते. बहुतेक पोरी आधी सासूकडे बघतात, मग हो म्हणतात. बाळंतपणानंतर पहिल्या काही महिन्यांत हे बऱ्याच जणींना होतं आणि तेव्हाच व्यायाम धरला तर फार चांगला फरक पडतो. मी तिथेच बाजेवर झोपवून शिकवते आणि आकडे मोठ्याने मोजायला लावते. जमत नाही असं वाटलं तर दवाखान्यात दाखवायला सांगते.

परवा अशाच एका घरी पोरीला शिकवून उठत होते, तर तिची सासू उंबऱ्यात आडवी आली. हळूच म्हणाली, "ताई, माह्या वयात करून काही होते का वं? मले तर रातच्याला चार-चारदा उठा लागते, संडासापर्यंत धीर निघत नाही." मी तिला परत आत घेऊन बसले. व्यायाम या वयातही लागू पडतो हे सांगितलं. पण रात्री एवढ्यांदा उठणं आणि सारखी तहान हे दोन्ही तिला होतं, म्हणून आधी उपाशीपोटी साखर तपासून घ्यायला सांगितलं. बुधवारी सकाळी चहा न घेता ये, मी तुझ्यासोबत दवाखान्यात येते, असं ठरलं. तिने सुनेला हाक मारून बुधवारी स्वयंपाक तुझ्याकडे म्हणून सांगितलंही.